परवाना आणि आत्मकथन : अमेरिकेतील दास्यमुक्तांच्या लेखनातील साक्षरतेचे स्वरूप

अमेरिकेतील दास्यमुक्तांनी लिहिलेल्या आत्मकथनांविषयी जे विवेचन सामान्यतः आढळते, त्यात साक्षरतेचे स्थान आधीच ठरून गेलेले असते. गुलाम अज्ञानात असतो. योगायोगाने त्याला अक्षरओळख होते. अक्षराबरोबर आत्मभान येते. आणि आत्मभानाची परिणती मुक्तीत होते, असा हा क्रम आहे. फ्रेडरिक डग्लस याचे १८४५ साली बोस्टन येथे प्रसिद्ध झालेले आत्मकथन या क्रमाचा आदर्श नमुना मानले जाते. हा अन्वयार्थ सर्वस्वी चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. कारण त्याला आधार खुद्द डग्लसनेच पुरविला आहे. तथापि त्यात साक्षरता ही केवळ मनाच्या आत घडणारी घटना ठरते आणि एक प्रश्न अनुत्तरित राहतो. मालकवर्गाला गुलामाच्या साक्षरतेची जी भीती वाटत होती, ती नेमकी कशाची? रविवारी गुलामांना धर्मोपदेश ऐकविण्यास ज्यांची फारशी हरकत नव्हती, त्यांनाच गुलामाच्या हातातील लेखणी एवढी असह्य का व्हावी?

या प्रश्नाचे उत्तर आत्मकथनांकडे वळण्यापूर्वी कायद्यांत शोधणे इष्ट होईल. १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीच्या परिसरात गुलामांचे बंड झाले. त्यानंतर तेथील विधिमंडळाने १७४० साली जो कायदा केला, त्यात गुलामाला लिहावयास शिकविणाऱ्यास १०० पौंड दंड सांगितला होता. कोणत्याही लेखनकामासाठी गुलामाचा लेखनिक म्हणून उपयोग करणाऱ्यासही तोच दंड होता. या कलमात वाचनाचा उल्लेख नाही. ही गोष्ट अनवधानाने घडली असे समजण्याचे कारण नाही. मालकाच्या शेतवाडीबाहेर पडलेल्या गुलामाजवळ मालकाचा परवाना असावा लागे. तो नसेल तर वाटेत भेटणारा कोणताही गोरा मनुष्य त्याला अडवू शके. हा परवाना म्हणजे तरी काय? एक नाव, एक ठिकाण, एक मुदत आणि खाली सही. चार ओळींचा कागद. वाचणारा गुलाम फार तर बायबल वाचील, परंतु लिहिणारा गुलाम परवाना लिहील, हा भेद कायदा करणाऱ्यांना पुरेपूर उमगला होता.

पुढे परिस्थिती पालटली तसा कायदाही पालटला. डेव्हिड वॉकर या बोस्टनमधील कृष्णवर्णीय व्यापाऱ्याने १८२९ साली आपले जहाल आवाहन छापून काढले आणि त्याच्या प्रती दक्षिणेतील बंदरांत पोचल्या. आता वाचणेही धोक्याचे झाले. उत्तर कॅरोलिनाच्या १८३० च्या कायद्याने गुलामांना वाचन व लेखन दोन्ही शिकविण्यास बंदी केली. गुलामानेच दुसऱ्या गुलामाला शिकविल्यास ३९ फटक्यांची शिक्षा ठेवली. परंतु या बंदीतून अंकज्ञान मात्र स्पष्ट शब्दांत वगळण्यात आले. गुलामाने पिंपे मोजावी, पोत्यांचा हिशेब ठेवावा. पोत्यावर नाव घालू नये. मालकाच्या मिळकतीत भर घालणारी विद्या आणि मिळकतीलाच पाय फोडणारी विद्या यांत ही विभागणी झालेली आहे. साक्षरतेसंबंधीचे मालकवर्गाचे सारे तत्त्वज्ञान या एका अपवादात सामावलेले आहे.

याच संदर्भात एका प्रचलित विधानाची दुरुस्ती करणे आवश्यक आहे. डग्लसने वाचावयास शिकून कायदा मोडला, असे अनेकदा लिहिले जाते. वस्तुतः मेरीलँडमध्ये गुलामांना शिकविण्यास बंदी करणारा कायदा नव्हता. गुलामाला शिकविणे बेकायदा आहे, हे उद्गार डग्लसच्या आत्मकथनात त्याचा बॉल्टिमोरमधील धनी ह्यू ऑल्ड याच्या तोंडी आलेले आहेत. सोफिया ऑल्ड या आपल्या पत्नीला दटावताना त्याने ते काढले आणि अभ्यासकांनी ते राज्याचा कायदा म्हणून स्वीकारले. घरधन्याचा शब्द हाच जेथे कायदा, तेथे बंदीसाठी विधिमंडळाची गरज पडत नाही, हे या प्रसंगाचे खरे मर्म आहे.

कायद्यांनी दिलेला हा संकेत हाती घेऊन डग्लसचे पुस्तक पुन्हा वाचू लागले, म्हणजे त्यातील निराळीच स्थळे ठळक दिसू लागतात. बहुतेक समीक्षक सोफियाने दिलेल्या मुळाक्षरांच्या धड्यापाशी, ऑल्डच्या दटावणीपाशी आणि पाव देऊन गोऱ्या मुलांकडून मिळविलेल्या पाठांपाशी थांबतात. लिहावयास तो कसा शिकला याकडे त्या मानाने लक्ष गेलेले नाही. बॉल्टिमोरच्या गोदीत सुतार तासलेल्या लाकडावर ते जहाजाच्या कोणत्या भागी बसावयाचे याची खूण म्हणून अक्षरे घालीत. डाव्या बाजूसाठी एल, उजव्या बाजूसाठी एस, पुढील भागासाठी एफ, मागील भागासाठी ए. डग्लसने प्रथम गिरविली ती ही अक्षरे. म्हणजे वस्तूची जागा ठरविणारी खूण हा त्याच्या लेखनाचा पहिला पाठ होता. आणि तो गिरविणारा स्वतःही कायद्याच्या दृष्टीने एक वस्तूच होता. यानंतर मालकाच्या मुलाने टाकून दिलेल्या कित्त्यांची पाळी आली. घरात कोणी नसताना त्या कित्त्यांतील कोऱ्या ओळींत तो लिहीत राहिला, आणि अखेरीस त्या मुलाच्या वळणाशी मिळतेजुळते वळण त्याच्या हाताला आले, असे तो सांगतो. दुसऱ्याच्या कित्त्यातील मोकळ्या जागेत दुसऱ्याचेच वळण गिरविणे हे ज्ञानसाधनेचे चित्र खरेच. पण ते दुसऱ्याची सही करण्याचे शिक्षणही आहे.

या शिक्षणाचा उपयोग करण्याची वेळ लवकरच आली. १८३६ च्या ईस्टरच्या सुटीत डग्लसने काही सोबत्यांसह पळून जाण्याचा बेत केला आणि प्रत्येकासाठी एकेक परवाना लिहिला. विल्यम हॅमिल्टन या गोऱ्या जमीनदाराच्या नावाने लिहिलेला तो परवाना त्याने आत्मकथनात उतरून दिला आहे. आपण हे स्वहस्ते लिहीत आहोत, अशी ग्वाही त्यात त्या जमीनदाराच्या नावे दिलेली आहे. आता याच पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहावे. तेथे लेखकाच्या नावापाठोपाठ, हे त्याने स्वतः लिहिले आहे, असा शेरा छापलेला आहे. एकच ग्वाही, एकदा खोट्या नावाखाली आणि एकदा खऱ्या नावाखाली. ज्या हाताने पहिली लिहिली त्यानेच दुसरी लिहिली आहे, आणि वाचकाने दोन्ही एकाच पुस्तकात वाचाव्यात अशी व्यवस्थाही त्यानेच केली आहे. हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

मात्र हे परवाने कामी आले नाहीत. बेत फुटला, सर्वजण पकडले गेले. डग्लसने आपला परवाना कोणाच्या लक्षात न येता विस्तवात टाकला. हेन्री हॅरिसने आपल्या परवान्याचे काय करावे असे विचारता, तो बिस्किटाबरोबर खाऊन टाक, असे त्याला सांगितले. एवढ्या सायासाने कमावलेली विद्या आणि तिचे फळ पोटात ढकलून नाहीसे करावे लागले! आणि पुढे ३ सप्टेंबर १८३८ रोजी डग्लस निसटला तो स्वतःच्या लेखणीच्या बळावर नव्हे. एका स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाने आपले संरक्षणपत्र त्याला दिले होते. त्या पत्रातील वर्णन डग्लसशी जुळत नव्हते; आगगाडीतील अधिकाऱ्याने कागद नीट वाचला असता तर डग्लसचे आत्मकथन लिहिले गेलेच नसते. हा वृत्तान्त त्याने १८४५ च्या पुस्तकात जाणूनबुजून गाळला आणि गुलामगिरी नष्ट झाल्यावर, १८८१ च्या आत्मचरित्रात, सविस्तर सांगितला. पळून गेलेल्या गुलामांतील सर्वांत विख्यात लेखक दुसऱ्याच्या कागदावर स्वतंत्र झाला. अक्षर ते मुक्ती हा सरळ क्रम येथेच ढासळतो.

कागदाची ही सत्ता निरक्षराच्या बाजूने पाहावयाची असेल, तर विल्यम वेल्स ब्राउन याच्या १८४७ च्या आत्मकथनातील एक प्रसंग ध्यानात घ्यावा. ब्राउन त्या वेळी एका गुलामांच्या व्यापाऱ्याकडे कामास होता. त्याने एकदा ब्राउनच्या हाती एक चिठ्ठी व एक डॉलर देऊन त्याला तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे पाठविले. ब्राउनला वाचता येत नव्हते. पण संशय आला, म्हणून त्याने वाटेत एका खलाशाकडून चिठ्ठी वाचून घेतली. चिठ्ठी आणणाऱ्यास फटके मारावेत, असा तिचा आशय निघाला. डॉलर ही त्या फटक्यांची मजुरी होती. ब्राउनने आपल्याच अंगलटीचा दुसरा एक कृष्णवर्णीय मनुष्य गाठून त्याला ती चिठ्ठी देऊन आत पाठविले. त्या मनुष्याला २० फटके बसले. त्याच्याजवळ आलेली उलट चिठ्ठीही ब्राउनने मिळविली, गाल ओले करून तो रडल्यासारखा धन्यासमोर गेला आणि शिक्षा भोगून आल्याचे त्याने भासविले.

हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगणारे अभ्यासक आहेत. ब्राउनने तो तसा सांगितलेला नाही. गुलामगिरी माणसाला किती लबाड व क्षुद्र करते याचे उदाहरण म्हणून, पश्चात्तापाच्या सुरात, सांगितला आहे. साक्षरतेच्या विचारात या प्रसंगाचे मोल मोठे आहे. वाचता न येणाऱ्याला आपल्याच शिक्षेचा हुकूम आपल्याच हाताने पोचवावा लागतो. आणि ज्याने तो दुसऱ्याकडून वाचून घेतला, तो शिक्षा टाळीत नाही, पुढच्या निरक्षराच्या हाती देतो. अक्षरज्ञानाने माणूस उन्नत होतो, असे मानणाऱ्या परंपरेला या ठिकाणी काही उत्तर सुचणे अवघड आहे.

हॅरिएट जेकब्ज हिचे आत्मकथन १८६१ साली प्रसिद्ध झाले. निवेदिकेचे नाव त्यात लिंडा ब्रेंट असे बदललेले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या वाङ्मयातील सर्वांत समृद्ध ग्रंथ हाच होय. डग्लसच्या छायेत तो दीर्घकाळ राहिला हे अभ्यासाचे दुर्दैव. उत्तर कॅरोलिनातील एडन्टन गावी जेकब्जला तिच्या पहिल्या मालकिणीने वाचावयास शिकविले. या उपकाराबद्दल ती तिचे ऋण मानते. परंतु त्याच मालकिणीने मृत्युपत्र करून तिला आपल्या बहिणीच्या लहानग्या मुलीच्या नावे करून दिले. वाचनाचे दान आणि माणसाचे दान, दोन्ही एकाच हातचे. मुलीला वाचता येऊ लागले ते जणू स्वतःचे दानपत्र वाचण्यासाठी. मालकीण लहान, म्हणून सत्ता तिच्या बापाची. हा बाप म्हणजे डॉक्टर जेम्स नॉरकॉम, पुस्तकातील डॉ. फ्लिंट.

येथून साक्षरतेचे जे रूप दिसू लागते, ते डग्लसच्या पुस्तकात आढळत नाही. मुलगी लिहावयाचा सराव करते आहे हे डॉक्टराच्या नजरेस पडले. तो नाराज झाल्यासारखा दिसला. परंतु त्याने मनाई केली नाही. तिच्या साक्षरतेचा स्वतःला काय उपयोग आहे, हे त्याने ओळखले असावे. कारण त्यानंतर तिच्या हातात चिठ्ठ्या येऊ लागल्या. तोंडाने बोलता न येण्याजोग्या मागण्या त्या चिठ्ठ्यांत असत. तिने त्या परत कराव्यात आणि आपल्याला वाचता येत नाही असे सांगावे. मग त्याने त्या स्वतःच वाचून दाखवाव्यात. ज्या अक्षराने डग्लसपुढे मोकळे आकाश उघडले, त्याच अक्षरातून जेकब्जच्या अंगावर धनी चालून येतो, आणि निरक्षरतेचे सोंग हा तिचा बचाव होतो. साक्षरतेची मीमांसा केवळ पुरुषांच्या आत्मकथनांवरून केल्यास काय हातचे निसटते, हे यावरून कळून यावे.

१८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नरचे बंड झाल्यावर एडन्टनमध्ये कृष्णवर्णीयांच्या घरांच्या झडत्या झाल्या. जेकब्जच्या आजीच्या घरी काही पत्रे सापडताच शोध घेणाऱ्यांत केवढी खळबळ उडाली, याचे वर्णन तिने केले आहे. शस्त्र सापडले असते तरी याहून अधिक गलका झाला नसता. झडती घेणाऱ्यांतील बहुतेकांना स्वतःला वाचता येत नव्हते, हेही तिने नोंदवून ठेवले आहे. या नोंदीतील उपरोध संयमी आहे, पण बोथट नाही.

१८३५ ते १८४२ या काळात, जवळजवळ सात वर्षे, ती आजीच्या घरी पोटमाळ्यावर लपून राहिली. ही जागा ९ फूट लांब, ७ फूट रुंद आणि जेथे सर्वांत उंच तेथे ३ फूट होती. उभे राहणे अशक्य. या बंदिवासात तिने डॉक्टराला पत्रे लिहिली आणि ती विश्वासू मित्राकरवी न्यूयॉर्कहून टपालात टाकविली. न्यूयॉर्कमधील रस्त्यांची नावे व घरांचे क्रमांक तिला ठाऊक नव्हते. ते तिने एका जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यातून मिळविले. कृष्णवर्णीयांची सतत निंदा करणारे ते वर्तमानपत्र एकदा तरी त्यांच्या उपयोगी पडले, असा शेराही ती मारते. डॉक्टर उत्तरेत तिचा शोध करीत राहिला आणि ती त्याच्याच गावात, त्याच्या डोक्यावर म्हणावे इतक्या जवळ. पुढे जे घडले ते याहून विलक्षण आहे. तिचे पत्र आजीला वाचून दाखविण्यास डॉक्टर स्वतः आला. आणि आपल्याला परत यावयाचे आहे असे लिंडा विनविते, असा मजकूर त्याने वाचला. मूळ पत्राच्या जागी त्याने स्वतः लिहिलेले पत्र घातले होते. खरी लेखिका हे सारे आडोशाला राहून ऐकत होती.

दोन बनावट पत्रे अशी समोरासमोर येतात. एकात ठिकाण खोटे, दुसऱ्यात मजकूर खोटा. आपल्या नावाने दुसरा कोणी बोलतो आहे आणि आपण ते ऐकूनही मूक राहिले पाहिजे, या स्थितीत जेकब्जने सात वर्षे काढली. किंबहुना प्रत्येक गुलामाची कागदावरील स्थिती हीच होती. पळून गेलेल्याची जाहिरात मालक छापतो, तीत गुलामाचे वर्णन मालकाच्या शब्दांत येते. विक्रीखतात किंमत खरेदीदार आणि विकणारा ठरवितात. जेकब्जचा प्रतिकार असा की तिने या व्यवहारातच आपला एक कागद घुसविला आणि धन्याला त्याचा अर्थ लावीत फिरावयास लावले.

आता उत्तरेकडे, मुक्तीनंतरच्या काळाकडे वळल्यास ही कहाणी संपते असे नाही. दास्यमुक्ताचे पुस्तक एकटे वाचकापर्यंत जात नसे. डग्लसच्या १८४५ च्या ग्रंथापुढे विल्यम लॉइड गॅरिसनची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्सचे पत्र आहे. जेकब्जच्या ग्रंथाला लिडिया मारिया चाइल्ड हिची संपादकीय प्रस्तावना असून शेवटी एमी पोस्ट हिचे साक्षीपत्र जोडले आहे. रॉबर्ट स्टेप्टो याने १९७९ च्या आपल्या ग्रंथात या साक्षीपत्रांचे आणि मूळ कथनाचे परस्परसंबंध बारकाईने तपासले आहेत. त्या विवेचनाच्या पुढे एक पाऊल टाकून असे म्हणता येईल की, या प्रस्तावनांची घडण परवान्याच्या घडणीहून वेगळी नाही. हा कागद घेऊन येणारा मनुष्य आमच्या परिचयाचा आहे, त्याचे म्हणणे खरे आहे, त्याला पुढे जाऊ द्यावे; आणि खाली गोऱ्या माणसाची सही. हेतू सर्वस्वी भिन्न, आणि गॅरिसनच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जामीनदाराशिवाय कृष्णवर्णीयाच्या शब्दाला मोल नाही, हे गृहीत दोन्हीकडे समानच राहिले.

डग्लसला हे जाणवले होते. १८४५ सालीच डेलावेअरमधील ए. सी. सी. टॉम्पसन नावाच्या गृहस्थाने, आपण या माणसाला फ्रेडरिक बेली या नावाने ओळखत होतो आणि त्याला असे पुस्तक लिहिणे शक्य नाही, अशा आशयाचा मजकूर प्रसिद्ध केला. डग्लसने त्याचे आभार मानले! त्याने सांगितलेली माणसे आणि ठिकाणे खरी आहेत, हे शत्रुपक्षाच्याच साक्षीने सिद्ध झाले होते. हा पत्रव्यवहार त्याने डब्लिनच्या आवृत्तीत छापूनही टाकला. पुढे १८५५ च्या दुसऱ्या आत्मचरित्रात, मित्रमंडळी आपल्याला केवळ घटना सांगावयास सांगत आणि तत्त्वविचार स्वतःकडे ठेवीत, एवढेच नव्हे तर बोलण्यात शेतवाडीवरची थोडी भाषा राहू द्यावी असेही सुचवीत, हे त्याने नोंदवून ठेवले. या दुसऱ्या पुस्तकाची प्रस्तावना जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय वैद्याची आहे. जामीनदार बदलणे हे त्या वेळी लहानसहान पाऊल नव्हते. जेकब्जला हे भाग्य पुरतेपणी लाभले नाही. चाइल्ड हिच्या पाठबळावाचून तिचे पुस्तक निघणे कठीण होते. परंतु एमी पोस्टच्या जोडीला तिने ग्रंथाच्या शेवटी जॉर्ज लोथर या आपल्या गावच्या कृष्णवर्णीय गृहस्थाचेही साक्षीपत्र घेतले आहे, आणि त्याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. १८५२ साली तिच्या मालकिणीने ३०० डॉलर भरून तिची मुक्तता विकत घेतली, तेव्हा कृतज्ञतेबरोबरच तिच्या मनात कडवटपणा दाटला. त्या विक्रीखताकडे ती ज्या दृष्टीने पाहते ती इतिहाससंशोधकाची आहे: एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कसारख्या शहरात स्त्रिया विकल्या जात याचा पुरावा म्हणून तो कागद पुढील पिढ्यांस उपयोगी पडेल, असे ती म्हणते.

उपरोक्त उपपत्तीची एक कसोटी जेकब्जच्याच राज्यात सापडते. १८३० चा बंदीचा कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३१ साली, उत्तर कॅरोलिनातील एका गुलामाने आपले आत्मकथन लिहिले. आणि त्याबद्दल त्याला शिक्षा झाली नाही, उलट कौतुकच झाले. उमर इब्न सईद हा पश्चिम आफ्रिकेतील फूटा टोरो प्रदेशातील विद्वान मुसलमान १८०७ साली चार्ल्सटनला उतरविला गेला. पहिल्या मालकाकडून पळून तो फेएटव्हिल येथे पकडला गेला. तेथील तुरुंगाच्या भिंतींवर त्याने कोळशाने अरबी मजकूर लिहिला, असे समकालीन वृत्तान्त सांगतात. पुढे ओवेन घराण्याकडे तो अखेरपर्यंत राहिला, आणि मुक्त न होताच वारला. दास्यमुक्तांच्या यादीत त्याचे नाव काटेकोरपणे बसत नाही. त्याचे लेखन अरबीत होते, म्हणून त्यातून परवाना तयार होऊ शकत नव्हता. वाटेवरच्या पहारेकऱ्याला जी लिपी वाचता येत नाही, ती गुलामाच्या हाती सुरक्षित. कायद्याचा रोष अक्षरावर नव्हता, अंमल चालविणाऱ्या कागदावर होता, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण. परंतु या लेखनाला दुसरी बाजू आहे. मालकांची स्तुती करणारे हे आत्मकथन कुराणातील ‘मुल्क’ नावाच्या ६७ व्या अध्यायाने सुरू होते. सर्व सत्ता व स्वामित्व ईश्वराचे आहे, हा त्या अध्यायाचा विषय. मालकाच्या घरी बसून, मालकाला न वाचता येणाऱ्या लिपीत, मालकीविषयीचा हा निर्णय उमरने प्रारंभीच लिहून ठेवला आहे.

कागदाच्या या उपपत्तीत सर्व काही बसते असा दावा करणे मात्र अतिरेकाचे होईल. डग्लसने विल्यम फ्रीलंडच्या शेतवाडीवर असताना चालविलेल्या रविवारच्या शाळेत एका वेळी ४० हून अधिक विद्यार्थी होते. त्यांतील बहुतेकांना परवाने लिहावयाचे नव्हते. जेकब्जकडे गुपचूप शिकावयास येणारा म्हातारा फ्रेड पन्नाशी उलटलेला होता आणि त्याला बायबल वाचण्यापलीकडे काही नको होते. या माणसांच्या अक्षरप्रेमाला व्यवहाराच्या तराजूत तोलता येत नाही. त्याचप्रमाणे, ज्यांनी स्वतः लिहिले नाही त्यांच्या प्रतिकाराला कमी लेखण्याचाही धोका आहे. मेरी प्रिन्सचे १८३१ चे निवेदन सुसॅना स्ट्रिकलंड हिने उतरवून घेतले, सोजर्नर ट्रूथचे १८५० चे चरित्र ऑलिव्ह गिल्बर्ट हिने लिहिले. तेथे लेखणी कोणाची आणि शब्द कोणाचे हा वाद ओळीओळीत चालू असतो, आणि त्याचा निवाडा सरसकट करता येत नाही.

मराठी अभ्यासकाला या संदर्भात जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची (१८७३) आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या ग्रंथाची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या सज्जनांना उद्देशून आहे. मुक्तिदात्यांना आहे, मुक्त झालेल्यांना नाही. परंतु फुले यांच्या स्वतःच्या लेखनात, विशेषतः ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, निरक्षर कुणब्याला नाडले जाते ते कुलकर्ण्याच्या आणि कारकुनाच्या कागदावरच. अविद्येचा अनर्थ त्यांनी दप्तरात पाहिला होता. या बाबतीत ते गॅरिसनपेक्षा ब्राउन आणि जेकब्ज यांच्या अधिक जवळ आहेत. दोन्ही समाजांतील दास्याचे स्वरूप भिन्न असल्याने हे साम्य याहून पुढे ताणू नये.

राहता राहिला प्रश्न आपल्या काळातील जामीनदारांचा. जेकब्जचे पुस्तक तिने लिहिलेले नसून चाइल्ड हिने लिहिले आहे, निदान ते विश्वसनीय साधन नाही, असे मत विसाव्या शतकात दीर्घकाळ प्रचलित होते. जॉन ब्लासिंगेमसारख्या, गुलामांच्या साक्षीला इतिहासात मानाचे स्थान मिळवून देणाऱ्या संशोधकानेही १९७२ साली ते अविश्वसनीय ठरविले. कथानक फार नाटकी, भाषा फार साहित्यिक, असे आक्षेप होते. म्हणजे टॉम्पसनने डग्लसविषयी जे १८४५ साली म्हटले, तेच विद्यापीठांनी जेकब्जविषयी सव्वाशे वर्षांनी म्हटले. फरक इतकाच की तिला उत्तर देण्याची सोय नव्हती. जीन फेगन येलिन हिने हे उत्तर शोधले. जेकब्जने आपली मैत्रीण एमी पोस्ट हिला लिहिलेली पत्रे रॉचेस्टर विद्यापीठाच्या संग्रहात होती. त्यांत पुस्तक कसे लिहिले जात आहे याच्या हकिकती आहेत. दिवसभर दुसऱ्यांची मुले सांभाळून रात्री चोरून लिहावे लागते ही तक्रार आहे. आणि हॅरिएट बीचर स्टो हिने तिची हकिकत आपल्याच ग्रंथात घालण्याची इच्छा दर्शविली, शिवाय तिच्या खरेपणाची चौकशी मालकिणीकडे केली, याचा सलणारा अपमानही आहे. १९८७ च्या येलिनच्या आवृत्तीने लेखिकेचा प्रश्न निकालात काढला. ही पत्रे छापण्यासाठी लिहिलेली नव्हती. त्यांना कोणाची प्रस्तावना नाही, कोणाचे साक्षीपत्र जोडलेले नाही. शुद्धलेखन जागोजाग चुकलेले आहे, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत, आणि प्रत्येकाखाली सही आहे.